आजचा पगार, कालचे घर आणि ब्रिटिश मतपत्रिका

भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या माणसाला, त्याने ब्रिटिश नागरिकत्व घेतलेले नसले तरी, राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक या नात्याने इथल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देता येते, हे सांगितले की बहुतेकांचा आधी विश्वास बसत नाही. मी मतदार झालो तेव्हा सहकाऱ्यांनी ब्रिटिश राजकारणाचे जे सूत्र मला समजावून दिले ते एका वाक्यात मावणारे होते: कामगार मजूर पक्षाला मत देतो, पैसेवाला हुजूर पक्षाला देतो आणि ज्याला या दोघांचाही वीट आला आहे तो लिबरल डेमोक्रॅट्सना देतो. हे सूत्र जुने झाले आहे, हे कळायला फार वेळ लागत नाही. पण त्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ‘वर्ग आता उरलाच नाही, सगळा झगडा तरुण आणि म्हाताऱ्यांचा आहे’ असे जे २०१७ पासून वारंवार लिहिले जाते, तेही मला पटत नाही. ब्रिटिश माणसाचा वर्ग त्याच्या आजच्या नोकरीतून निघून, आयुष्यभराच्या नोकरीने मागे ठेवलेल्या घरात आणि पेन्शनमध्ये जाऊन बसला आहे, आणि मतदानाच्या आकडेवारीत जे वय म्हणून दिसते त्याचा मोठा भाग म्हणजे असा साठलेला वर्गच आहे, असे माझे मत झाले आहे.

जुने सूत्र एके काळी खरे होते, हे आधी मान्य केले पाहिजे. ब्रिटिश पक्षीय राजकारणाचा पाया वर्ग हाच आहे आणि बाकी सारे नक्षीकाम व तपशील आहे, अशा आशयाचे विधान राज्यशास्त्रज्ञ पीटर पुल्झर यांनी १९६७ मध्ये केले होते, आणि ते आजही प्रत्येक अभ्यासक उद्धृत करतो. १९५१ च्या निवडणुकीत मजूर आणि हुजूर या दोन पक्षांनी मिळून जवळजवळ ९७ टक्के मते घेतली होती. तेव्हाही साधारण एक तृतीयांश कामगार हुजूर पक्षाला मत देत असत, आणि अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांचे प्रमाण लोकसंख्येत इतके मोठे होते की त्यांच्या मतांवाचून त्या पक्षाला सत्तेवर येणे शक्यच नव्हते. कामगाराच्या हाती पैसा खेळू लागला की तो आपोआप मध्यमवर्गीय होऊन पक्ष बदलेल, अशी एक समजूत त्या काळी होती. ती तपासण्यासाठी १९६० च्या दशकात जॉन गोल्डथॉर्प, डेव्हिड लॉकवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लुटन शहरातल्या व्हॉक्सहॉल मोटार कारखान्यातील आणि इतर दोन कारखान्यांतील चांगल्या पगाराच्या कामगारांचा अभ्यास केला. हे कामगार मोठ्या संख्येने मजूर पक्षालाच मत देत असल्याचे दिसले. नुसत्या पगाराने मत फिरत नाही, हा त्या अभ्यासाचा धडा मला पुढच्या सगळ्या चर्चेत उपयोगी वाटतो. (लुटनमधले व्हॉक्सहॉलचे मोटारींचे उत्पादन २००२ मध्ये थांबले आणि तिथला व्हॅनचा कारखाना २०२५ मध्ये बंद झाला.)

कामाचे मतात रूपांतर व्हायला मध्ये संस्था लागतात. डरहॅम परगण्यातील कोळसाखाणींच्या गावांत त्या संस्था किती घट्ट होत्या, हे पाहिले की जुना वर्गीय मतदार कसा घडत असे ते समजते. खाणीच्या कामगार संघटनेची शाखा, जिला तिकडे लॉज म्हणतात, ती केवळ पगारवाढीसाठी भांडत नसे. अपघाताची भरपाई, घराचा तंटा, निवृत्ताला मिळणारा कोळसा अशा सगळ्या गोष्टींसाठी माणूस तिच्याच दारात जाई. किराणा सहकारी दुकानातून येई, रविवारी मेथडिस्ट प्रार्थनामंदिरात जो प्रवचन करी तोच बहुधा लॉजचा चिटणीस असे, आणि करमणूक खाणकामगारांच्या कल्याण सभागृहात होई. संघटनेचा पैसा राजकारणासाठी वापरता येणार नाही, असा निकाल हाउस ऑफ लॉर्ड्सने १९०९ मध्ये ऑस्बर्न खटल्यात दिला होता. त्यानंतर १९११ मध्ये खासदारांना वर्षाला ४०० पाउंड मानधन सुरू झाले आणि १९१३ च्या कायद्याने संघटनांना वेगळा राजकीय निधी उभारण्याची मुभा मिळाली, तेव्हा कुठे खाणीतला माणूस वेस्टमिन्स्टरला जाणे व्यवहारात जमू लागले. १९१९ मध्ये डरहॅमची परगणा परिषद मजूर पक्षाच्या ताब्यात गेली. देशात त्या पक्षाने जिंकलेली ती पहिली परगणा परिषद. तिचे अध्यक्ष पीटर ली हे स्वतः खाणकामगार होते, आणि त्यांच्याच नावाने पुढे पीटरली हे नवे गाव वसले. अशा ठिकाणी मत हे वैयक्तिक मत राहत नाही. ते वडिलांकडून मुलाकडे, आडनावाबरोबर यावे तसे येते.

त्या संस्था गेल्यावर काय झाले, हे डर्बीशरमधील शायरब्रुक या गावात स्पष्ट दिसते. तिथली खाण १९९३ मध्ये बंद झाली आणि त्याच जागी नंतर स्पोर्ट्स डायरेक्ट या कंपनीचे प्रचंड गोदाम उभे राहिले. तिथले बहुसंख्य कामगार ठेकेदार संस्थांमार्फत घेतलेले होते, आणि त्यांत पोलंड व पूर्व युरोपातून आलेल्यांचा भरणा होता. संसदेच्या समितीने २०१६ मध्ये चौकशी केली तेव्हा असे पुढे आले की स्वच्छतागृहात जास्त वेळ गेला, गप्पा मारल्या, आजारपणाची रजा घेतली अशा कारणांसाठी कामगाराच्या नावावर एकेक ठपका लागतो, आणि सहा ठपके झाले की काम जाते. समितीच्या अध्यक्षांनी व्हिक्टोरियाच्या काळातील अनाथ-गरिबांच्या कामगृहांची आठवण काढली. आता मतदारयादीच्या बाजूने पाहा. शायरब्रुक हे बोल्सोव्हर मतदारसंघात येते. युरोपीय संघाच्या नागरिकांना, आयर्लंड, सायप्रस आणि माल्टा वगळता, ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीत मत नाही, आणि युरोपीय संघ सोडावा की नाही यावरच्या २०१६ च्या सार्वमतातही नव्हते. म्हणजे त्या गावातले सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत असुरक्षित काम जे करत होते, त्यांतल्या बहुतेकांना मतच नव्हते. मत होते ते निवृत्त खाणकामगारांना, त्यांच्या विधवांना आणि गावात उरलेल्या त्यांच्या मुलांना. बोल्सोव्हरने सुमारे ७० टक्के मतांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. जे स्वतः खाणीत राबलेले होते आणि १९७० पासून तिथून अखंड निवडून येत होते, ते डेनिस स्किनर २०१९ मध्ये पाच हजारांहून अधिक मतांनी हुजूर पक्षाकडून हरले. भारतीय पासपोर्टवर कार्यालयीन नोकरी करणारा मी मतदार आणि गोदामात रात्रपाळी करणारा पोलिश माणूस मतदार नाही, ही विसंगती साम्राज्याच्या इतिहासातून आलेली आहे. परंतु ‘कामगारवर्ग उजवीकडे गेला’ असे म्हणताना मोजले कोणाला गेले, हा प्रश्न तिच्यामुळे टाळता येत नाही.

मोजणीच्या पद्धतीतही एक गोम आहे. ब्रिटिश जनमत चाचण्या लोकांना ए, बी, सी-वन, सी-टू, डी आणि ई अशा श्रेणींत विभागतात. ही पद्धत वाढली ती वृत्तपत्रांच्या वाचकवर्गाची पाहणी करून जाहिरातदारांना ग्राहक दाखवण्यासाठी. श्रेणी ठरते ती घरातील मुख्य कमावत्या माणसाच्या व्यवसायावरून. ज्याला व्यवसायाची पेन्शन आहे अशा निवृत्ताला त्याच्या जुन्या कामाची श्रेणी मिळते. ज्याच्याकडे फक्त सरकारी पेन्शन आहे तो सर्वांत खालच्या ई श्रेणीत, बेकारांच्या शेजारी जाऊन बसतो. आता ज्याचे घर पूर्णपणे फिटलेले आहे आणि ज्याच्या खात्यात दर चार आठवड्यांनी पेन्शन न चुकता जमा होते असा सत्तरीचा फिटर, आणि भाड्याच्या खोलीत राहून कामाच्या तासांची शाश्वती नसताना पार्सले वाहणारा पंचविशीतला तरुण, हे दोघेही चाचणीच्या तक्त्यात ‘खालच्या’ अर्ध्या भागात पडतात. २०१९ च्या निवडणुकीनंतर यूगव्ह या संस्थेच्या पाहणीत सी-टू, डी, ई या श्रेणींत हुजूर पक्षाला ४८ टक्के, तर वरच्या तीन श्रेणींत ४३ टक्के मते दिसली, आणि वर्गीय राजकारण पालथे झाल्याचे मथळे छापून आले. त्याच पाहणीत वयाप्रमाणे पाहिले तर ३९ हे वय असे होते की जिथून पुढे माणूस मजूर पक्षापेक्षा हुजूर पक्षाला मत देण्याची शक्यता अधिक. २०१७ मध्ये हेच वय ४७ होते, आणि २०२४ मध्ये हुजूर पक्षाची धूळधाण झाल्यावर ते ६३ वर गेले. वयाचा उतार कायम राहतो, फक्त तराजूचा काटा सरकतो.

वय वाढले की माणूस आपसूक सनातनी होतो, हे स्पष्टीकरण सोपे आहे आणि म्हणूनच मला ते अपुरे वाटते. १९८३ मध्ये १८ ते २४ या वयोगटातही मार्गारेट थॅचर यांच्या हुजूर पक्षाला मजूर पक्षापेक्षा अधिक मते होती. तारुण्य आणि डावेपणा यांची गाठ जन्मजात नाही. थॅचर यांच्या १९८० च्या कायद्याने कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक परिषदेच्या मालकीच्या, घरात राहणाऱ्या भाडेकरूला तेच घर ३३ ते ५० टक्के सवलतीने विकत घेण्याचा हक्क दिला, आणि त्या दशकात दहा लाखांहून अधिक घरे अशी विकली गेली. एसेक्समधील बॅसिल्डन हे लंडनच्या पूर्व भागातून आलेल्या कामगारांसाठी वसवलेले गाव. १९९२ च्या निवडणुकीच्या रात्री तिथला निकाल लवकर लागला, हुजूर पक्षाचा उमेदवार टिकला, आणि जॉन मेजर यांचे सरकार राहणार हे देशाला कळले. लुटनच्या कामगाराला पगाराने जे केले नव्हते ते बॅसिल्डनच्या कामगाराला घराच्या मालकीने केले, असे म्हणता येईल. तेव्हा तरुण असताना ज्यांनी घर घेतले ते आज निवृत्त आहेत. इंग्लंडमध्ये गृहकर्ज फेडत असलेल्या कुटुंबांपेक्षा कर्जमुक्त घरमालक कुटुंबांची संख्या २०१३-१४ पासून अधिक आहे. व्याजदर वाढले तर गृहकर्जदार हादरतो, भाडेकरूही घरमालकामार्फत हादरतो. कर्जमुक्त घरमालकाला मात्र बचतीवर चार पाउंड जास्त मिळतात. अशा दोन कुटुंबांनी एकाच अर्थसंकल्पाकडे एकाच नजरेने पाहावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

राजकीय पक्षांना हे उत्तम कळते. २०१० मध्ये आलेल्या हुजूर पक्ष आणि लिबरल डेमोक्रॅट्स यांच्या आघाडी सरकारने सरकारी पेन्शनला तिहेरी हमी दिली: पगारवाढ, महागाई आणि अडीच टक्के यांपैकी जे अधिक असेल तेवढी वाढ दरवर्षी. त्याच वर्षी त्याच सरकारने विद्यापीठाच्या शुल्काची मर्यादा ९,००० पाउंडांपर्यंत नेणारा ठराव संसदेत मंजूर करून घेतला. शुल्कवाढीला विरोध करण्याची लेखी प्रतिज्ञा दिलेल्या लिबरल डेमोक्रॅट्सच्या जागा २०१५ मध्ये ५७ वरून ८ वर आल्या, पण शुल्क काही खाली आले नाही. याउलट हुजूर पक्षाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी २०१७ च्या जाहीरनाम्यात असे सुचवले की वृद्धांच्या घरी होणाऱ्या शुश्रूषेचा खर्च ठरवताना त्यांच्या घराची किंमतही धरावी. चार दिवसांत त्यांना माघार घ्यावी लागली. अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी जुलै २०२४ मध्ये हिवाळ्यातील इंधनासाठी पेन्शनरांना मिळणारे २०० ते ३०० पाउंड केवळ अत्यंत गरीब वृद्धांपुरते मर्यादित केले, आणि वर्ष पुरे होण्याच्या आत, जून २०२५ मध्ये, ३५,००० पाउंडांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या सर्वांना ते पुन्हा जाहीर केले. माझ्या मते या अनुदानाची रक्कम राज्याच्या तिजोरीच्या मानाने किरकोळ होती. पण ज्या गटाचे मत हमखास पडते त्याच्या पाकिटाला हात लावल्यावर काय होते, याचा तो चोख हिशेब होता.

तरुणांच्या बाजूला हाच गुंता उलटा आहे. १९६० च्या सुमारास वीसांपैकी एखादाच मुलगा किंवा मुलगी विद्यापीठात जात असे. १९९९ मध्ये मजूर पक्षाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी निम्म्या तरुणांचे उद्दिष्ट ठेवले आणि आता प्रमाण त्याच्या आसपास पोहोचले आहे. पदवीधर कागदोपत्री वरच्या श्रेणीत जातो, कारण त्याचे काम कार्यालयात असते. पण त्याच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज असते आणि पगाराचा मोठा हिस्सा भाड्यात जातो. दोन विद्यापीठांचे कँटरबरी शहर २०१७ मध्ये १८७ मतांनी मजूर पक्षाकडे गेले. त्याआधी सुमारे शंभर वर्षे तिथे हुजूर पक्षाचे वर्चस्व होते. त्याच निवडणुकीत लंडनमधील अतिश्रीमंत केन्सिंग्टन वीस मतांनी गेले. रुग्णालये, शाळा आणि स्थानिक परिषदा इथे काम करणारे पदवीधर आज मजूर पक्षाचा कणा आहेत, आणि कामगार संघटनांचे सभासदत्वही मुख्यतः सार्वजनिक सेवांतच टिकले आहे. १९७९ मध्ये १ कोटी ३० लाखांच्या आसपास असलेली सभासदसंख्या आता जेमतेम निम्मी आहे.

याचा परिणाम असा की स्वतःच्या व्हॅनमध्ये हत्यारे घेऊन फिरणारा प्लंबर किंवा विटा रचणारा गवंडी या पक्षाला परका वाटू लागला. २० नोव्हेंबर २०१४ रोजी रॉचेस्टर अँड स्ट्रूड येथे पोटनिवडणूक होती. मजूर पक्षाच्या एमिली थॉर्नबेरी यांनी एका घराचे छायाचित्र ट्विटरवर टाकले: खिडक्यांवर इंग्लंडचे झेंडे, दारात पांढरी व्हॅन. मजकुरात टिंगलीचा एक शब्दही नव्हता, तरी छायाचित्र घेण्याजोगे त्यांना त्यात काय वाटले, हे सगळ्या देशाने ओळखले आणि त्याच रात्री त्यांना विरोधी पक्षाच्या प्रतिमंत्रिमंडळातून बाहेर पडावे लागले. ब्रिटनमध्ये वर्ग संपला असे म्हणणाऱ्यांनी ही घटना एकदा आठवून पाहावी. ब्रिटिश सोशल अ‍ॅटिट्यूड्स या पाहणीच्या २०१६ च्या अहवालात ६० टक्के लोकांनी स्वतःला कामगारवर्गीय म्हटले होते, आणि त्यांत व्यवस्थापक व व्यावसायिक पदांवरील लोकांपैकी ४७ टक्के होते. म्हणजे कामाने नव्हे तर आईवडिलांच्या कामाने आपली ओळख सांगणारे लाखो मतदार इथे आहेत.

या सगळ्यात जो सर्वांत मोठा बदल आहे त्याची चर्चा मात्र सर्वांत कमी होते. १९५० मध्ये जवळजवळ ८४ टक्के मतदान झाले होते. २०२४ मध्ये ते ६० टक्क्यांच्या खाली राहिले. जेफ्री एव्हन्स आणि जेम्स टिली या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की ब्लेअर यांच्या काळात दोन्ही पक्ष एकमेकांसारखे दिसू लागले, तेव्हा कामगारवर्गातील मतदार आधी दुसऱ्या पक्षाकडे गेला नाही. तो घरी बसला. मतदान नेहमी गुरुवारी असते, सुट्टी नसते, वेळ सकाळी सात ते रात्री दहा. वेळ भरपूर वाटतो, पण बारा तासांची पाळी आणि दोन बस बदलून घरी पोहोचणाऱ्याला तो भरपूर नसतो. मतदान केंद्राच्या दारात पक्षांचे फुलासारखे बिल्ले लावून मतदारांचे क्रमांक टिपून घेणारे स्वयंसेवक बसतात. मी पाहिलेले बहुतेक निवृत्त होते, थर्मासमधला चहा पीत आपापसांत गप्पा मारणारे, आणि प्रत्येक दुसऱ्या मतदाराला ओळखणारे. २०२२ च्या कायद्याने छायाचित्र असलेले ओळखपत्र सक्तीचे झाले तेव्हा ज्येष्ठांचा बसपास ग्राह्य धरला गेला, तरुणांचे प्रवासी कार्ड धरले गेले नाही. पुढे हुजूर पक्षाच्याच जेकब रीस-मॉग यांनी असे म्हटले की अशा युक्त्या अंगाशी येतात, कारण ओळखपत्र नसलेले वृद्ध बहुतांशी आपलेच मतदार होते. ते खरे असेलही. पण बसपासचा निर्णय घेताना कोणाची आठवण आधी झाली, हे लपत नाही.

घरी बसलेला तो मतदार आता परत येऊ लागला आहे, आणि तो रिफॉर्म यूके या उजव्या पक्षाच्या रांगेत दिसतो. २०२४ मध्ये त्या पक्षाला १४ टक्क्यांहून अधिक मते आणि फक्त पाच जागा मिळाल्या, तर मजूर पक्षाला ३४ टक्क्यांहूनही कमी मतांत ४११. रिफॉर्मला मत देणाऱ्यांत पदवी नसलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या लोकांचे प्रमाण ठळक आहे. मे २०२५ मध्ये, पीटर ली यांच्या त्याच डरहॅममध्ये, रिफॉर्मने परिषदेच्या ९८ पैकी ६५ जागा जिंकल्या. त्या पक्षाचे नेते नायजेल फराज हे खासगी शाळेत शिकलेले आणि वायदेबाजारात दलाली केलेले गृहस्थ आहेत, याची आठवण त्यांचे विरोधक पुन्हा पुन्हा करून देतात. मतदारावर तिचा काही परिणाम होत असल्याचे दिसत नाही. लॉजच्या चिटणिसाने घालून दिलेली सवय मोडल्यावर नेत्याचा वर्ग कोणता, हे कोण विचारणार?

मतदानाचे वय संपूर्ण देशात सोळावर आणण्याची घोषणा सरकारने जुलै २०२५ मध्ये केली. स्कॉटलंडमध्ये स्वातंत्र्याविषयीच्या २०१४ च्या सार्वमतापासून आणि वेल्समध्ये २०२१ पासून, त्यांच्या स्वतःच्या संसदांच्या व स्थानिक निवडणुकांत, सोळा वर्षांचे मतदार आहेतच. सोळाव्या वर्षी मूल आईवडिलांच्या घरी असते, पत्ता स्थिर असतो, त्यामुळे नोंदणी होते आणि पहिले मत दिले जाते. स्कॉटलंडमधील संशोधनात ती सवय पुढेही टिकल्याचे दिसले आहे. खरी गळती त्यानंतरच्या दहा वर्षांत होते, जेव्हा माणूस दर वर्षा-दोन वर्षांनी भाड्याची खोली बदलतो. २०१४ पासून प्रत्येकाला स्वतःची नोंदणी स्वतः करावी लागते, आणि खासगी भाडेकरूंमध्ये नोंदणीचे प्रमाण घरमालकांपेक्षा बरेच कमी आहे. त्याच घोषणेत स्वयंचलित मतदार नोंदणीकडे वाटचाल करण्याचे आणि बँकेचे कार्ड ओळखपत्र म्हणून स्वीकारण्याचे आश्वासनही होते. वाद रंगला तो सोळा वर्षांच्या मुलांना राजकारण कळते की नाही यावर. माझ्या हिशेबाने नोंदणीचे कलम प्रत्यक्षात आले तर भाड्याच्या खोलीत राहून पार्सले वाहणारा तरुण यादीवर येईल, आणि पेन्शनच्या तिहेरी हमीवर पहिल्यांदाच दोन्ही बाजूंनी बोलणे पक्षांना भाग पडेल; म्हणूनच ते कलम सर्वांत सावकाश पुढे सरकेल अशी माझी अटकळ आहे.